आबांच्या मापाचा दस्ता

सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरच्या दुनळी बंदुकीनं तिच्या उभ्या आयुष्यात एकच बळी घेतला, आणि तो स्वतःचा. त्या वेळी ती माझ्या गाडीच्या मागच्या चाकाखाली होती आणि गाडीत मी होतो.

त्याआधीचा तिचा इतिहास निष्कलंक आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती तरुणपणी पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतली. भडगावच्या अलीकडे गिरणेच्या काठाला आमचं शेत, आणि नदीकाठच्या झाडोऱ्यातून येणारी रानडुकरं. दिवस मावळताना आबा बांधावर उभे राहून आभाळाकडे एक बार काढत. पहिल्या वर्षी डुकरांनी पळून दाखवलं. दुसऱ्या वर्षापासून त्यांना तो आवाज जेवणाच्या घंटेसारखा वाटू लागला असावा, कारण बार झाला की ती हमखास येत. (शेजारच्या शेतकऱ्याची विनंती होती की, आबांनी एखाद्या दिवशी बंदुकीला सुट्टी द्यावी, म्हणजे डुकरांचाही उपास घडेल.) आई घरात कानांत पदराचे बोळे घालून बसायची आणि आबा परत आले की विचारायची, लागलं का एखादं? आबा बूट काढत सांगायचे, थोडक्यात हुकलं. हे थोडक्यात हुकणं एकोणतीस वर्षं चाललं.

आई गेली आणि आबांनी बार काढणं बंद केलं. तिच्या एका जुन्या लुगड्यात बंदूक गुंडाळली आणि खाटेच्या उशाशी ठेवली. दसऱ्याला ती पाटावर यायची, हळद-कुंकू लावून घ्यायची आणि परत लुगड्यात जायची. एवढाच तिचा संसार उरला होता.

पण सरकारचं तिच्यावर लक्ष होतं. निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, हा नियम. आबांनी तो लेकीला सासरी धाडण्याच्या थाटात पाळला. जाताना तेलपाणी, लुगडं, आणि हवालदाराला दोन गोष्टी समजावून सांगणं. अलीकडे त्यांचे पाय गेले. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्याला फक्त काळं आणि पांढरं दिसायचं. परवान्यावर बंदूक बाळगणारा म्हणून माझंही नाव होतं, तेव्हा ही पाठवणी माझ्याकडे आली. मी शाळेत भूगोल शिकवतो. तीस वर्षं मुलांना दिशा शिकवतोय. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या प्रकारात मला ‘मागे’ ही एकच दिशा आठवली नाही.

निकाल लागून आठवडा झाला होता. हवालदारानं कपाटातून बंदूक काढून दिली. ‘सुस्थितीत मिळाली’ असं त्याच्या सांगण्यावरून लिहून मी सही केली. ठाण्याच्या अंगणात गाडीपाशी आलो तर लुगड्याची गाठ सुटलेली. बंदूक मागच्या चाकाला टेकवून उभी केली, लुगडं झटकलं, तेवढ्यात फोन. माझ्या बायकोचा, सुनंदाचा. येताना भरताची वांगी आणा. हिरवी आणा. देठाचे काटे बघून घ्या. मागच्या वेळेसारखी बियांची पोती आणू नका. (वांग्यांच्या बाबतीत आमच्या घरी माझ्यावर फार कमी विश्वास आहे.) मी हो हो म्हणत लुगडं बगलेत मारून गाडीत बसलो, देठाचे काटे मनात घोकत गाडी मागे घेतली, आणि कडाड् असा आवाज झाला!

वाटलं, फरशी फुटली. उतरून पाहिलं. दोन्ही नळ्या बाजूला पडलेल्या, धडधाकट. दस्ता मात्र, म्हणजे बंदुकीचा खांद्याला लावायचा लाकडी भाग, मानेपाशी मोडलेला. आणि मोडलेल्या तुकड्याचे आणखी तीन तुकडे. हवालदार बाहेर आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

“सर,” तो म्हणाला, “आमच्याकडे होती तोवर धड होती. तुम्ही लिहून दिलंय.”

घरी आलो. बंदूक गाडीतच ठेवली होती. आबा खिडकीजवळच्या खाटेवर पडून होते. माझी पावलं ऐकली आणि त्यांचा हात पुढे आला, लुगडं घ्यायला.

“उनी का बंदूक?”

त्या हाताकडे बघून खरं सांगायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, आणखी एक निवडणूक लागली आहे, ती झाल्यावरच देणार म्हणतात. कोणती निवडणूक? तर पोटनिवडणूक. आबांनी हात मागे घेतला. मग त्यांनी विचारलं,

“कोन मरी गया?”

हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमाबाहेरचा होता. पोटनिवडणूक म्हटली की जागा रिकामी हवी आणि त्यासाठी कुणीतरी जायला हवं, हे नागरिकशास्त्र मला येत होतं; पण माणूस निवडून ठेवला नव्हता. खिडकीबाहेर विजेच्या खांबावर आमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याच्या वाढदिवसाचा फलक लटकत होता. हात जोडलेला, हसरा, तब्येतीनं भरलेला माणूस. बाजूला शुभेच्छुकांचे अठरा फोटो. मी त्या अठरा जणांच्या डोळ्यांदेखत त्याला मारला.

“दगाभाऊ,” मी म्हणालो.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून छातीवर ठेवली. दगाभाऊ त्यांच्या हाताखाली गावच्या सोसायटीत तयार झालेला. पंचवीस वर्षांनी लहान. “मन्हापेक्षा कितला न्हाना व्हता,” एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. थोड्या वेळानं म्हणाले, मला दारावर न्या, म्हणजे भेटून येतो त्याच्या घरच्यांना. मी म्हणालो, पाय साथ देत नाहीत आबा. मग त्यांनी जाहीर केलं की, दगासाठी आपण दहा दिवस गोड खाणार नाही. सुनंदा नेमकी त्याच वेळी शिऱ्याची वाटी घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की, पुढची जागा माझीच रिकामी होईल असं वाटलं.

आता खोटं एकदा उभं केलं की त्याला राखण लागते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दारातच गाठायचो: बंदूक मोडली आहे, आबांना सांगायचं नाही, पोटनिवडणूक आहे, दगाभाऊ वारले आहेत. लोक मान हलवायचे, आत जायचे, आणि आबांजवळ बसून दगाभाऊंच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगायचे. काहींच्या डोळ्यांना पाणीही आलं. (दोघांनी बाहेर आल्यावर मला विचारलं की, खरंच गेले का.) पंधरा दिवसांत ही बातमी सगळ्या गल्लीला पाठ झाली. फक्त दगाभाऊंना सांगायचं राहून गेलं.

दरम्यान मी धुळ्याला एक माणूस शोधून काढला. नाना मिस्तरी. बंदूक दुरुस्तीचा रीतसर परवाना असलेले, सत्तरी ओलांडलेले, जाड भिंगाचा चष्मा आणि त्याहून जाड शांतता. त्यांनी मोडलेला दस्ता हातात घेतला, चारही तुकडे जुळवून पाहिले आणि विचारलं, “कशानी मोडना?” मी म्हणालो, पडली. नानांनी दस्त्यावरच्या टायरच्या नक्षीवरून बोट फिरवलं.

नवा दस्ता कोरावा लागणार होता. त्यासाठी नानांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, जुनं मुरलेलं लाकूड. बाजारातलं ताजं लाकूड सहा महिन्यांत वाकतं. दुसरी, जो बंदूक खांद्याला लावणार त्याच्या हाताचं माप: कोपराच्या वळणापासून चाप ओढणाऱ्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत.

लाकूड सापडलं. ट्रॅक्टर आल्यापासून आबांचा वखर गोठ्यात उभा होता. वखराचं खोड, म्हणजे खालचा तो आडवा जाड ओंडका, चाळीस वर्षांच्या बाभळीचा. मातीत आणि उन्हात मुरलेला. मी तो चोरून गाडीत घातला. नानांनी त्यावर पहिला पटाशीचा घाव घातला आणि पटाशीची धार गेली. “लाकूड शे का लोखंड,” ते म्हणाले, पण हसले. खोडाला लोखंडी पास, म्हणजे माती कापणारं पातं, बसवायची भोकं होती. त्यातलं एक दस्त्यात येणारच होतं. नाना म्हणाले, त्याच लाकडाची गोल खुंटी ठोकून बुजवतो, डोळ्याला दिसणार नाही.

राहिलं माप. मी सुतळी घेऊन आबांच्या खाटेवर बसलो आणि म्हणालो, दसऱ्याला सदरा शिवायचा आहे. आबा खूश झाले. हात पुढे केला. मी कोपरापासून बोटापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि पुढच्या रविवारी धुळ्याला नेली. नानांनी ती जुन्या दस्त्याला लावून पाहिली. दोन बोटं कमी.

“मोजाले चुकनात, सर.”

मी परत मोजलं. तेवढंच. नाना म्हणाले, आणखी एकदा बघा. तिसऱ्यांदा सुतळी घेऊन बसलो तेव्हा आबांनी हात पुढे केला, पण विचारलं,

“त्या सदराले बाह्या कितल्या शेतस रे?”

तिसऱ्यांदाही तेवढंच भरलं. चूक सुतळीची नव्हती. ज्या हातानं मला एका दंडावर लोंबकळवत गिरणेच्या पाण्यातून पलीकडे नेलं होतं तो हात वळत नव्हता, सरळ होत नव्हता, आणि मधल्या मध्ये कधीतरी आखडून गेला होता. मी रोज त्याला चहाचा कप देत होतो. मला दिसलं नव्हतं. (भूगोलात धूप नावाचा एक धडा आहे. मी तो दरवर्षी फार रंगवून शिकवतो.)

नानांनी विचारलं, कोणत्या मापानं करू, जुन्या की सुतळीच्या? जुन्या मापानं केला तर पुढे तुम्हाला कामाला येईल. सुतळीच्या मापानं केला तर दुसऱ्या कुणालाच लागणार नाही. मी म्हणालो, सुतळीच्या. नानांनी चष्मा काढून पुसला आणि कामाला लागले.

आता दस्ता कोरणं म्हणजे लाकडाला आकार देणं, असा माझा समज होता. आकार चार दिवसांत झाला. खरं काम पुढेच. नळ्यांच्या मागचं लोखंड लाकडात असं बसायला हवं की मध्ये केसही जाऊ नये, नाहीतर पहिल्याच बाराला दस्ता फुटतो. त्यासाठी लोखंडाला तेलात कालवलेलं काजळ लावायचं, लाकडात बसवायचं, हलकेच ठोकायचं, काढायचं. लाकडावर जिथे काळा डाग उमटला तिथे लोखंड अडतंय. तेवढंच केसभर खरवडायचं. परत काजळ, परत बसवणं, परत डाग. असं शंभर वेळा, दोनशे वेळा. काजळ ब्रशनं जाड बसतं, बोटानं पातळ. नानांच्या बोटांची जाण गेली होती. ते म्हणाले, सर, तुमचं बोट द्या. माझा उजवा हात नळ्या धरण्यात गुंतलेला, म्हणून मी डाव्या हाताची तर्जनी दिली. सगळा श्रावण, सगळा भाद्रपद, दर रविवारी मी धुळ्याला जाऊन डाव्या तर्जनीनं बंदुकीला काजळ घालत होतो. आमच्या लग्नात सुनंदाला मी एवढ्या प्रेमानं काही लावलं नव्हतं, हे तिनंच सांगितलं.

ते काजळ साबणानं जाईना, रॉकेलनं जाईना.

एका रविवारी संध्याकाळी परत आलो आणि आबांना औषध द्यायला बसलो. गोळी डाव्या हातात होती. आबांनी गोळीसाठी हात पुढे केला आणि माझं बोट धरलं. डोळ्याजवळ नेलं. त्यांना काळं आणि पांढरं तेवढंच दिसायचं. त्या बोटावर दुसरं काही नव्हतंच.

“तू मतदान करी उना.”

 काय सांगणार होतो? काजळ म्हटलं तर बंदूक, बंदूक म्हटलं तर गाडी.

“माले नही लई गया,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. हा माणूस एकवीस वर्षांचा झाल्यापासून एक मतदान चुकला नव्हता. आई आजारी होती तेव्हा तिला खुर्चीत घालून केंद्रावर नेणारा माणूस. त्यांनी माझं बोट सोडलं आणि विचारलं,

“मन्हं नाव कापी टाकं का रे यादीमाईन?”

मी म्हणालो, नाही आबा, तसं काही नाही. पण मतदार यादीतून नाव कधी कापतात, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवसापासून आबांनी बंदुकीबद्दल विचारणं सोडलं. त्याआधी रोज सकाळी एकदा तरी म्हणायचे, बंदूक घरात येऊ दे, एक डाव खांद्याला लावून बघतो, मग मी मोकळा. आता काही नाही. जेवण निम्म्यावर आलं. सुनंदानं विचारलं की म्हणायचे, पुरे. एका दुपारी ती स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, “तुम्ही आधी बंदूक मोडली. आता माणूस मोडताय. आज सांगा नाहीतर मी सांगते.”

मी म्हणालो, दस्ता झालाय. उद्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळतोय. बंदूक हातात देतो आणि मगच सांगतो. एक दिवस. तिनं तो दिवस मला दिला. ती पहिल्यापासून उदार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदूक घेऊन धुळ्याहून परत आलो. दस्ता जवसाच्या तेलानं चमकत होता. आमच्या दारात एक मोठी पांढरी गाडी उभी होती. त्या गाडीच्या मागच्या काचेवर तोच फलकावरचा चेहरा चिकटवलेला होता.

आबांची तब्येत बरी नाही असं दगाभाऊंच्या कानावर गेलं होतं, आणि ते भेटायला आले होते. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. सुनंदा मागच्या अंगणात होती. दगाभाऊ थेट खाटेपाशी जाऊन उभे राहिले होते. मी उंबऱ्यात पोचलो तेव्हा ते मोठ्या प्रेमानं म्हणत होते,

“आबा, वळखं का? मी दगा.”

आबांनी मान वळवली. समोर एक पांढरी आकृती, आणि तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाचा आवाज. ते जराही घाबरले नाहीत.

“दगा,” ते म्हणाले, “माले लेवाले उना का?”

दगाभाऊ राजकारणातले. कुणी कुठे न्यायला सांगितलं तर नाही म्हणायचं नाही, हे त्यांच्या रक्तात. आबांना कदाचित दवाखान्यात जायचं असेल असं त्यांना वाटलं.

“हा आबा. गाडी आनेल शे. तुम्ही म्हनशात तठे लई जास.”

“गाडी धाडी का?” आबांना समाधान वाटलेलं दिसलं. “बरं शे. माले चालता येस नही.” मग खाटेच्या कडा चाचपत ते उठायला लागले, आणि एकदम थांबले. “जरासा थांबशी का, दगा? मन्ही बंदूक येवानी शे.”

मी उंबऱ्यात उभा. हातात आईचं लुगडं, लुगड्यात बंदूक. आयुष्यात भरपूर फजित्या झाल्यात माझ्या, त्यांच्यावर मी लोकांना हसवतोही. पण त्या क्षणी पाय पुढे टाकायला जे लागलं ते कुठून आलं, अजून कळलेलं नाही.

मी आत जाऊन खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. चाक, वांगी, देठाचे काटे, पोटनिवडणूक, फलक, नाना, वखर, सुतळी, काजळ. दगाभाऊ उभे होते ते मध्येच खुर्चीवर बसले. आपण तीन महिने मेलेले होतो हे ऐकणं कुणालाही सोपं नसतं, त्यात लोकप्रतिनिधीला तर नाहीच.

आबांनी हात लांबवला. दगाभाऊंचा हात धरला. मग दंड. मग पोट. पोटावर हात जरा जास्त वेळ राहिला.

“जित्ता शे,” आबा म्हणाले. “मरेल मानूसनं पोट इतलं रास नही.” आणि मग, तक्रारीच्या सुरात, “दहा दिन गोड खादं नही रे मी, तुन्हा करता.”

मी लुगडं सोडून बंदूक त्यांच्या हातात दिली. रिकामी होती, तरी बाभळीमुळे जड. नळ्यांखाली माझा हात ठेवला. आबांनी दस्ता खांद्याला लावला आणि तो असा बसला, जसा काही तिथेच उगवला होता. आखडलेलं बोट आपोआप चापाशी आलं. नळ्यांची तोंडं खिडकीबाहेरच्या खांबावरच्या फलकाकडे वळली. दगाभाऊंनी खुर्ची थोडी मागे घेतली. नुसता फोटो असला म्हणून काय झालं!

मग आबांचा तळवा दस्त्यावरून फिरत गेला आणि एका जागी थांबला. नानांनी बुजवलेलं भोक. डोळ्याला दिसणार नाही असं ते म्हणाले होते, आणि खरंच दिसत नव्हतं.

“हाऊ तं मन्हा वखर शे.”

“हो, आबा.”

“अन् माप सदराना नावखाल लिधं.”

“हो.”

त्यांनी दस्ता खांद्यावरून काढला. वखर धरणाऱ्या हातानं लांबी चाचपली, जुनी लांबी त्या हाताला पाठ होती. दोन बोटं मोकळी राहिली. ती त्यांनी हवेत तशीच धरून ठेवली.

“इतला कमी व्हई गऊ का मी?”

 सुनंदा मागच्या दारात येऊन उभी होती. बोलले ते दगाभाऊ.

“आबा, तुम्ही दोन बोटंच कमी व्हयनात. मी तं पुराच गयथू.”

आबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग बंदूक हलायला लागली, मग खोकला आला, मग पुन्हा हसू. आम्ही चौघंही हसत होतो, आणि चौघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. शांत झाल्यावर आबांनी माझी डावी तर्जनी मागितली, काजळ चोळून पाहिलं आणि म्हणाले, “माले बी लाव.” नानांनी दिलेली काजळाची डबी माझ्या खिशात होती. मी त्यांच्या डाव्या तर्जनीवर नखापासून खाली एक रेघ ओढली. दगाभाऊंनी गंभीरपणे विचारलं, मत कुणाला दिलंत? आबा म्हणाले, तुलाच. मेलेल्याला दिलं की तो पाच वर्षं फिरकत नाही म्हणून तक्रार तरी करावी लागत नाही.

आणि मग, दगाभाऊ निघताना, आबांना एकदम आठवलं.

“मंग मन्हा सदरा कोठे शे?”

सदरा शिवला. गल्लीतल्या शिंप्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत दिला. माप होतंच, तीनदा घेतलेलं. दसऱ्याला आबा नवा सदरा घालून खुर्चीत बसले, पाटावर बंदूक होती, आणि हळद-कुंकू लावताना त्यांनी दस्त्यावर दोन बोटं जास्त लावली. म्हणाले, एक बंदुकीचं, एक वखराचं.

तो सदरा आबांनी एकदाच घातला. दुसऱ्या वेळी तो त्यांना आम्ही घातला.

परवानाधारक गेला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. तेराव्यानंतर मी ती घेऊन निघालो. या वेळी मागच्या सीटवर आडवी ठेवून तिला पट्टा लावला होता. वांगी आणायला कुणी सांगितलं नव्हतं. निघण्याआधी, कुणी बघत नाही असं पाहून, मी ती एकदा खांद्याला लावून पाहिली. नाना बरोबर बोलले होते. दस्ता एवढा आखूड की माझ्या अंगठ्यावर नाक आपटलं.

ठाण्यात तोच हवालदार. त्यानं लुगडं सोडलं, नळ्या उघडून आत पाहिलं आणि सवयीनं बंदूक खांद्याला लावली. कशीही धरली तरी बसेना.

“सर, ही कुणाला लागायची?”

“लागायची एकाला,” मी म्हणालो.

 त्यानं बंदूक टेबलावर ठेवून रजिस्टर ओढलं, तारीख टाकली, आणि मान वर न करता म्हणाला, “जमा करण्याचं कारण?”

उत्तर माझ्याकडे तयार होतं. अर्जात लिहिलेलंच होतं, ‘परवानाधारक मयत’, दोनच शब्द. गाडीत मी ते वाटभर घोकत आलो होतो. मी तोंड उघडलं, घसा साफ केला, आणि आबांच्या दोन्ही सदऱ्यांची शपथ, म्हणजे एकाच सदऱ्याची, माझ्या तोंडून अख्ख्या ठाण्याला ऐकू जाईल असं निघालं,

“पोटनिवडणूक.”